हेअर डायची अ‍ॅलर्जी आलीय? घरी काय करायचं, काय अजिबात नाही करायचं, आणि डॉक्टर कधी गाठायचा

रविवारी डाय लावला, सोमवारी कानामागे थोडं खाजलं, मंगळवारी सकाळी आरशात बघितलं तर डोळे सुजून बारीक झालेले आणि कपाळावर पुरळ. नाशिकला सिडकोत माझं छोटं पार्लर आहे, तिथे ही तक्रार वर्षभर ऐकायला मिळते आणि लग्नसराईत जरा जास्तच, कारण सगळ्यांना हळदीच्या आदल्या दिवशीच डाय आठवतो. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. पण इतक्या बायका आणि काका लोक बघितल्यावर एक गोष्ट पक्की कळलीय, की डायने जेवढा त्रास होतो त्याच्यावर आणखी तेवढाच त्रास लोक नंतर घरात जे सापडेल ते चोपडून करून घेतात. म्हणून हा लेख. पहिल्यांदाच ज्यांना असं झालंय त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी हे तपासा, बाकीचं नंतर वाचा

ओठ, जीभ किंवा घसा सुजतोय, आवाज घोगरा झाला, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतोय, छातीत आवळल्यासारखं वाटतंय, चक्कर येतेय, उलट्या होतायत, किंवा अंगभर गांधी उठल्यात, यातलं काहीही असेल तर घरगुती उपाय विसरा आणि 108 ला फोन लावा. असं क्वचित होतं पण झालं तर मिनिटांचा खेळ असतो. त्र्यंबक रोडवरचं सिव्हिल हॉस्पिटल, नाशिकरोडला असाल तर बिटको, जुन्या नाशकात असाल तर कथड्याचं झाकीर हुसेन, जे जवळ असेल ते. स्वतः अ‍ॅक्टिव्हा काढून जाऊ नका, कुणीतरी सोबत घ्या, आणि "बघू अर्ध्या तासाने" तर अजिबात नको, संध्याकाळचा द्वारकेचा ट्रॅफिक काय असतो ते मी सांगायला नको.

डाय डोळ्यात गेला असेल तर साध्या पाण्याची बारीक धार धरून निदान पंधरा मिनिटं डोळा धुवा, लेन्स असेल तर काढून, आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाच. आणि लहान मुलाने डायची पावडर किंवा लिक्विड तोंडात घातलं असेल तर तो अ‍ॅलर्जीचा विषयच नाही, ती विषबाधा आहे, मानेला सूज येऊन श्वास अडकू शकतो आणि किडनीवर पण परिणाम होतो. उलटी काढायचा प्रयत्न न करता पाकीट सोबत घेऊन सरळ हॉस्पिटल.

हे सगळं नसेल, फक्त खाज, लाली, पुरळ, थोडी सूज असेल, तर पुढे वाचा.

आग झाली की अ‍ॅलर्जी झाली?

दोन्ही वेगळं असतं आणि लोक हमखास गल्लत करतात. डाय लावतानाच किंवा लावून झाल्यावर थोड्याच वेळात चुणचुण, आग, आणि धुतल्यावर बऱ्यापैकी शांत झालं, तर ते बहुतेक नुसतं जळजळणं असतं, अमोनिया किंवा डायमध्ये मिसळतात त्या डेव्हलपरमधल्या हायड्रोजन पेरॉक्साईडमुळे. डोक्याला ओरखडे असतील किंवा त्याच दिवशी केस खसाखसा धुवून लगेच डाय लावला असेल तर असं जास्त होतं.

खरी अ‍ॅलर्जी उशिरा येते. साधारण एक ते तीन दिवसांनी. त्यामुळेच तर ती फसवते, कारण तोपर्यंत माणूस डाय विसरून गेलेला असतो आणि दोष कालच्या भेळेला, नव्या साबणाला नाहीतर डासाला देतो. यात मुख्य आरोपी असतो पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमीन, जवळजवळ प्रत्येक काळ्या आणि गडद ब्राऊन पर्मनंट डायमध्ये हा असतोच, रंग पक्का बसतो तो त्याच्यामुळेच.

आणि हो, "मी दहा वर्षं हाच ब्रँड वापरतेय, मला कशी होईल" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय. अशीच होते. शरीर कधीतरी एकदा त्या केमिकलला शत्रू म्हणून ओळखून ठेवतं, मग पुढच्या प्रत्येक वेळी त्याच्यावर तुटून पडतं. दहाव्या वर्षी पण, पन्नासाव्या वेळी पण.

डाय लागतो डोक्याला पण पुरळ बऱ्याचदा दिसते कपाळाच्या कडेला, कानांवर, कानामागे, मानेवर आणि पापण्यांवर, कारण डोक्याची कातडी जाड असते आणि पापणीची एकदम पातळ. पुरुषांमध्ये मिशी-दाढीला डाय लावला तर ओठाच्या वर आणि गालावर.

आता कामाला लागू: पहिलं म्हणजे धुणं

डाय लावून काही तासच झाले असतील आणि खाज सुरू झाली असेल तर लगेच धुवा, दोन दिवस झाले असतील तरी एकदा नीट धुवाच, कारण कडेला, कानाच्या घडीत, मानेच्या केसांत थोडा रंग राहिलेला असतो. पाणी कोमट किंवा साधं. नाशकातल्या डिसेंबरच्या थंडीत गिझरचं कडक पाणी घ्यायचा मोह होतो हे मला कळतं, पण कडक पाण्याने खाज दुप्पट होते.

धुताना उभं राहून शॉवर घेऊ नका, नाहीतर सगळा ओघळ चेहरा, छाती, पाठ असा अंगभर फिरतो. डोकं मागे टाकून बेसिनवर किंवा बाथरूममध्ये बसून, दुसऱ्या कुणाला तरी तांब्याने पाणी टाकायला सांगा. साधा, कमी वासाचा, बेबी शाम्पू टाईप काहीतरी घ्या. नखं लावू नका, बोटांच्या पेरांनी हळूच, आणि जो धुवून देतोय त्याने हातमोजे घाला (त्याच डायच्या बॉक्समध्ये आलेले, जे कुणीच वापरत नाही, ते). दोन-तीन वेळा भरपूर पाण्याने काढा. मग टॉवेलने चोळायचं नाही, टिपायचं. तो टॉवेल, उशीचा अभ्रा आणि कंगवा धुवायला टाका.

कातडीवरचा काळा डाग काढायला रॉकेल, नेलपेंट रिमूव्हर, टूथपेस्ट, लिंबू, राख असले प्रकार करू नका. डाग चार-पाच दिवसांत आपोआप जातो.

बरेच जण घाबरून विचारतात की टक्कल करू का. सहसा गरज नसते. रंग एकदा पूर्ण बसला आणि केस नीट धुतले गेले की केसांवरचा रंग शक्यतो त्रास देत नाही, त्रास देतो तो कच्चा राहिलेला रंग.

दुसरं: गार घड्या

खरा आराम याच्यातच आहे आणि याला एक रुपया लागत नाही, कदाचित म्हणूनच लोकांचा विश्वास बसत नाही. जुनं धुतलेलं मऊ सुती कापड घ्या, जुना पंचा किंवा सुती साडीचा तुकडा एकदम बेस्ट. पाणी उकळून गार केलेलं. लस येत असेल, म्हणजे फोड फुटून चिकट पाणी सुटत असेल तर अर्धा लिटर पाण्यात एक चहाचा चमचा मीठ टाका. कापड भिजवून पिळा, ठिबकणार नाही एवढं, आणि दुखऱ्या भागावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा, गरम झालं की परत भिजवा. दिवसातून तीन-चार वेळा. डोळ्यांवर ठेवताना डोळे मिटून, आणि तिथे साधं पाणीच घ्या.

बर्फ थेट लावू नका, आधीच दुखावलेली कातडी बर्फाने आणखी भाजल्यासारखी होते. फ्रीजच्या पाण्याची पण गरज नाही, माठातलं पाणी असतं तेवढं गार पुरे. उन्हाळ्यात आपल्याकडे चाळिशीच्या आसपास पारा असतो तेव्हा तर दर दोन तासांनी घडी ठेवावीशी वाटते, ठेवा, पण कातडी सतत ओली राहून पांढरी पडायला लागली तर थोडा ब्रेक द्या.

घडी काढल्यावर काय लावायचं ते कातडी बघून ठरवायचं. लस येत असेल तर त्याच्यावर तेल-क्रीमचा थर नको, आधी ओल्या घड्यांनी ते सुकू द्या. सुकून कातडी ताणायला, पापुद्रे निघायला लागले की साधी व्हॅसलिन, बिनवासाची, पातळ थर. खोबरेल तेल लावायचंच असेल तर शुद्ध, साधं, जाई-जुई-कापूर काही नको. फोड नसलेल्या, न फुटलेल्या पुरळीवर कॅलामाईन लोशन चालतं, खाजेला बरं वाटतं, पण डोळ्यांजवळ नाही आणि फुटलेल्या कातडीवर नाही.

तिसरं: मेडिकलमधून काय आणायचं, आणि काय आणायचं नाही

रात्री खाजेमुळे झोप लागत नसेल तर सेट्रिझिन या अ‍ॅलर्जीच्या औषधाची 10 मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या माणसाने रात्री घेतली तर चालते. अपेक्षा मात्र माफक ठेवा, गोळीने पुरळ जात नाही, खाज थोडी दबते आणि झोप लागते. घेऊन गाडी चालवू नका, दारू नको. किडनीचा त्रास, गरोदरपण, बाळाला पाजत असाल, किंवा लहान मूल असेल तर आधी डॉक्टरला विचारा.

1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन क्रीम हे सौम्य स्टेरॉईड आहे, थोड्या जागेवर, पातळ, थोडेच दिवस, हे बऱ्याच वेळा कामी येतं. पण डॉक्टरला किंवा निदान फोनवर फॅमिली डॉक्टरला विचारून लावा, आणि पापण्यांना तर स्वतःच्या मनाने कधीच नाही.

आता जे सांगायचंय ते जरा जोरात सांगते. काउंटरवर जाऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हणू नका. बऱ्याच ठिकाणी हातात मिळते ती मिक्स ट्यूब, त्यात एक कडक स्टेरॉईड, एक बुरशीचं औषध आणि एक अँटिबायोटिक असं सगळं एकत्र असतं. दोन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटतं, मग माणूस तीच ट्यूब महिनाभर चेहऱ्याला लावत बसतो, आणि मग कातडी पातळ होते, लाल रेषा दिसतात, पिंपल्स येतात, ट्यूब बंद केली की पुन्हा भडका. वर त्यातल्या निओमायसिन या अँटिबायोटिकची पण काही जणांना अ‍ॅलर्जी असते, म्हणजे एकावर एक फ्री. शेजारच्या काकूंची उरलेली ट्यूब पण नको, काकू कितीही प्रेमाने देत असल्या तरी.

स्वयंपाकघरातले आणि कुंडीतले उपाय

इथे मला शिव्या पडणार आहेत पण चालेल. हळद नको, कडुलिंबाचा लेप नको, लिंबू नको, व्हिनेगर नको, खायचा सोडा नको, मुलतानी माती नको, कांद्याचा रस तर देवा नकोच. हळद चांगली असते, मान्य, पण सोललेल्या कातडीवर लेप सुकला की ताणतो, काढताना चोळावं लागतं, आणि खाली काय चाललंय ते पिवळ्या रंगात दिसतच नाही, डॉक्टरला पण नाही. घरात लग्न असेल आणि पुरळ आलेली असेल तर हळदीच्या वेळी हात-पायांना लावा, चेहरा वगळा, पाव्हण्यांना काय वाटायचं ते वाटू दे.

कोरफडीबद्दल सगळ्यात जास्त विचारतात. कुंडीतलं पान कापल्यावर सालीजवळून जो पिवळा चीक निघतो तो कातडीला झोंबतो, आणि ताजा गर लावताना तो थोडाफार येतोच. बाजारातल्या हिरव्यागार जेलमध्ये वास आणि रंग असतो. अंगावर पुरळ असताना नवीन कुठल्याच गोष्टीचा प्रयोग नको, एवढं एक पाळलं तरी अर्धं काम होतं. टी ट्री ऑईल, लव्हेंडर ऑईल वगैरे फॅन्सी बाटल्या पण त्यातच आल्या, यांच्या स्वतःच्याच अ‍ॅलर्ज्या असतात.

पुढचे आठ-पंधरा दिवस

पहिले दोन-तीन दिवस वाढल्यासारखं वाटू शकतं, सगळं बरोबर करत असलात तरी. सकाळी डोळे जास्त सुजलेले दिसतात कारण आडवं झोपल्यावर पाणी तिथे साठतं, म्हणून दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपा. मग हळूहळू सूज उतरते, लस सुकते, खपल्या येतात, पापुद्रे निघतात. साधारण एक ते तीन आठवड्यांत कातडी मूळपदावर येते, परत डायशी संबंध आला नाही तर. आपल्यासारख्या सावळ्या रंगावर नंतर काळपट डाग काही महिने राहू शकतो, तो घालवायला लगेच फेअरनेस क्रीम चोपडू नका, डोक्यावर छत्री किंवा ओढणी घेऊन ऊन टाळा, तो फिका होत जातो.

फोडातलं पाणी लागून दुसरीकडे पसरतं किंवा घरच्यांना होतं असं लोक समजतात आणि माणसाचं ताट-वाटी वेगळं करतात, असं काही नसतं, हे संसर्गजन्य नाहीच. मुलांना जवळ घ्या बिनधास्त.

सातपूर-अंबडला कंपनीत जाणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. हेल्मेट घालायचंच, त्याला पर्याय नाही, पण घाम आणि रबरी-फोमचं अस्तर घासून कपाळावरची पुरळ भडकते. आत धुतलेला सुती रुमाल बांधा, रोज बदला, आणि शक्य असेल तर पहिले दोन-तीन दिवस बसने नाहीतर कुणाच्या तरी कारमधून जा. टिकली, कुंकू, गजऱ्याच्या पिना, कानातले, मेकअप, परफ्युम, हेअर स्प्रे, सगळं बाजूला. नखं कापा, झोपेत खाजवलं जातंच.

घरी थांबायचं नाही असं कधी

डोळे पूर्ण मिटलेत किंवा अंधुक दिसतंय. चेहऱ्याचा बराच भाग सुजलाय. मोठे फोड आलेत. पिवळट खपल्या, पू, ताप, मानेला दुखरी गाठ, म्हणजे वर इन्फेक्शन बसलंय. दोन-तीन दिवस हे सगळं करून पण वाढतच चाललंय. असं असेल तर स्किनच्या डॉक्टरकडे जा, कॉलेज रोड, गंगापूर रोडला भरपूर आहेत, आणि खर्चाचा प्रश्न असेल तर सिव्हिलच्या ओपीडीत सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. जास्त सूज असेल तर डॉक्टर काही दिवस स्टेरॉईडच्या गोळ्या देतात, शुगर असेल तर आधी सांगा कारण त्याने शुगर वाढते, आणि कोर्स जसा सांगितला तसाच पूर्ण करा, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

जाताना डायचा बॉक्स घेऊन जा, फेकला असेल तर त्याच ब्रँडचा फोटो. रोज सकाळी एक फोटो काढून ठेवलात तर आणखी छान, कारण नंबर लागेपर्यंत सूज उतरलेली असते आणि मग "काल असं होतं हो डॉक्टर" हे हातवारे करून सांगावं लागतं.

बरं झाल्यावर, आणि इथेच लोक घसरतात

एकदा पीपीडीची अ‍ॅलर्जी झाली की ती बहुतेक आयुष्यभर राहते, आणि पुढची वेळ आधीपेक्षा जोरात असू शकते. ब्रँड बदलून उपयोग नाही, बहुतेक सगळ्यांत तेच किंवा त्याची सख्खी भावंडं असतात. "अमोनिया फ्री" म्हणजे पीपीडी फ्री नाही. "हर्बल" म्हणजे पण नाही. छोट्या पाकिटातली "काळी मेंदी" पावडर असते ना, पुडीवर पानं-फुलं छापलेली, तिच्या मागची बारीक अक्षरं वाचा, बऱ्याचदा तिथे पीपीडी निवांत बसलेला असतो. पीपीडी असलेल्या डायच्या पाकिटावर "आधी टेस्ट करा आणि भुवया-पापण्यांना लावू नका, आंधळेपणा येऊ शकतो" असा इशारा छापणं आपल्याकडे कायद्याने सक्तीचं आहे, आणि हे उगाच नाही, 1930 च्या दशकात अमेरिकेत लॅश ल्यूर नावाचा पापण्यांचा डाय यायचा, त्याने एका बाईची दृष्टी गेली होती. तरी पार्लरमध्ये येऊन "भुवयांना पण थोडा लाव गं" म्हणणारे आहेतच. मी लावत नाही.

जत्रेत, लग्नात हातावर काढतात ती काळी मेंदी पण टाळा. खरी मेंदी केशरी-लालसर, विटकरी चढते आणि तासन्‌तास ठेवावी लागते, अर्ध्या तासात काळीकुट्ट चढली म्हणजे त्यात केमिकल आहे.

नक्की कशाची अ‍ॅलर्जी आहे हे कळायला स्किनचे डॉक्टर पाठीवर पॅच टेस्ट करतात, छोट्या छोट्या टिकल्या 48 तास चिकटवून ठेवतात आणि मग पुढे एक-दोन वेळा बोलावून बघतात. पुरळ पूर्ण गेल्यावर आणि स्टेरॉईडच्या गोळ्या बंद झाल्यावर काही आठवड्यांनी करतात. पीपीडीची निघाली तर दाताच्या डॉक्टरला, फॅमिली डॉक्टरला सांगून ठेवा, कारण बेन्झोकेन नावाचं बधिर करायचं औषध आणि काही सल्फाची औषधं यांच्याशी पण काही जणांचं जुळत नाही.

मग पांढऱ्या केसांचं काय? एक तर तसेच ठेवा, आजकाल छान दिसतात आणि माझा धंदा बुडाला तरी मी हेच सांगेन. नाहीतर शुद्ध मेंदी, आणि काळा रंग हवाच असेल तर मेंदी धुतल्यावर त्याच्यावर निळीच्या पानांची पावडर, म्हणजे झाडाची नीळ, कपड्यांची नव्हे. दोनदा बसावं लागतं, रविवार जातो. पाकिटावर घटकांमध्ये फक्त झाडाचं नाव असलेलीच घ्या, सुटी मोकळी पावडर नको.

आणि ज्यांना अजून अ‍ॅलर्जी झालेली नाही, फक्त घरात दुसऱ्या कुणाचं बघून धास्ती घेतलीय, त्यांनी दर वेळी, ब्रँड तोच असला तरी, बॉक्समधल्या कागदावर सांगितलंय तशी कानामागे थोडीशी टेस्ट 48 तास आधी करा. थोडी जरी खाज, लाली आली तर धुवून टाका आणि तो बॉक्स वापरू नका. ज्यांना एकदा रिअ‍ॅक्शन येऊन गेलीय त्यांनी ही टेस्ट घरी करून बघायची नाही, त्यांची टेस्ट डॉक्टरकडेच. लग्न शनिवारी असेल तर टेस्ट मंगळवारी-बुधवारी नाही, त्याच्या आधीच्या आठवड्यात करायची, म्हणजे काही निघालंच तर चेहऱ्यावरची सूज उतरायला वेळ मिळेल.